‘इंकहार्ट’ कुणी शेवटपर्यंत वाचलंय का? आणि कशासाठी?

केवडा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

किलोवर पुस्तकं विकणाऱ्या एका प्रदर्शनात कॉर्नेलिया फुंके यांचं ‘इंकहार्ट’ मिळालं. लेक अकरा वर्षांची आहे. झोपताना मी तिला रोज मोठ्याने वाचून दाखवते, तेव्हा म्हटलं याहून योग्य पुस्तक कुठलं? कारण गोष्टच मोठ्याने वाचण्याची आहे. मो नावाचा एक बाप. धंद्याने पुस्तकबांधणी करणारा. तो मोठ्याने वाचायला लागला की पुस्तकातली माणसं बाहेर येतात आणि बदल्यात इकडचं कुणीतरी आत जातं. नऊ वर्षांपूर्वी ‘इंकहार्ट’ नावाचंच पुस्तक वाचताना त्यातले तीन लोक दिवाणखान्यात येऊन उभे राहिले आणि त्याची बायको नाहीशी झाली. मुलगी मेगी तेव्हा तीन वर्षांची. तेव्हापासून त्याने तिला एकदाही मोठ्याने वाचून दाखवलेलं नाही.

ही कल्पना वाचून मी पुस्तक मिटून पाच मिनिटं नुसती बसले होते. इतकी आवडली.

आता तक्रार. निम्म्यावर आलोय आणि गोष्ट एकाच जागी गोल गोल फिरतेय. खलनायकाच्या गावात पकडून नेतात, कोंडतात, हे पळतात, परत पकडतात. लेकीने बुकमार्क म्हणून एसटीचं तिकीट ठेवलंय. त्याच्या मागे ती पेन्सिलीने रेघा मारते, कुणी पकडलं गेलं की एक. तीन झाल्या आहेत. काल म्हणाली, “आई, आता पकडले की मला उठव, तोवर मी झोपते.”

पुढे रेटू की सोडून देऊ? आणि ज्यांना आवडलं त्यांना नेमकं काय आवडलं?

आगाऊ_कार्टा

शेवटपर्यंत वाचलंय. कशासाठी, ते कळलं की मलाही कळवा.

नेकारकाठची

रेटा, रेटा! मी जर्मनीत राहते आणि हे पुस्तक मूळ जर्मनमधून वाचलंय. तिकडे नाव ‘टिंटेनहेर्त्स’, २००३ साली आलं. माझी बी-वनची परीक्षा होती आणि शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की व्याकरण पुरे, आता मुलांच्या कादंबऱ्या वाच. पहिली वीस पानं शब्दकोश मांडीवर घेऊन काढली. मग शब्दकोश कधी खाली पडला ते कळलं नाही.

गोल फिरण्याबद्दल तुमचं बरोबर आहे, पण इथल्या घरांत हे पुस्तक बघितलं की त्याचं कारण थोडं उमगतं. रात्री मुलांना वाचून दाखवणं हा इकडे संस्कारच आहे. नोव्हेंबरातल्या तिसऱ्या शुक्रवारी देशभर ‘वाचून दाखवण्याचा दिवस’ असतो, तेव्हा शाळेत पालक, दुकानदार, पुढारी असे कुणीही येऊन मुलांना वाचून दाखवतात. ‘इंकहार्ट’ची पन्नासच्या वर प्रकरणं आहेत आणि बरीचशी एका रात्रीच्या बेताची. रोज एक प्रकरण, शेवटी थोडी धास्ती, दिवा बंद. तशा डोसात पकडापकडी टोचत नाही. सलग वाचणाऱ्याला मात्र टोचते.

जाता जाता, जर्मनमध्ये फुंके म्हणजे ठिणगी. आगीशी खेळणारं पात्र लिहिणाऱ्या बाईचं आडनाव ठिणगी! आणि आपल्या कानाला ते फुंकर वाटतं. दोन्ही चालतंय.

फिरंगीपंत

मी सिनेमा पाहिला होता, ब्रेंडन फ्रेझरचा. २००८चा. डोंगरातलं ते ओसाड गाव बघण्यासारखं आहे, इटलीत लिगुरियातल्या बालेस्ट्रिनोत चित्रीकरण झालंय. बाकी पॉपकॉर्न बरं होतं.

नावे_जमा

मी हिशेबाचा माणूस, तेव्हा हिशेबाचंच बोलतो. अद्भुतरम्य कादंबरीत लेखकाने वाटेल तो नियम करावा, पण एकदा केला की खतावणीत दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत. इथे नियम काय? एक बाहेर, एक आत. ठीक.

पहिल्या रात्री बाहेर आले खलनायक कॅप्रिकॉर्न, त्याचा साथीदार बास्ता आणि आगीचे खेळ करणारा डस्टफिंगर. तीन. आत गेली मोची बायको रेसा आणि तिच्या मांडीवरच्या दोन मांजरी. तीन. वा! म्हटलं बाई हिशेबाला चोख दिसतात. पण डस्टफिंगरचं शिंगवालं पाळीव जनावर, तो गुइन, तो कुठल्या खात्यात? तो इकडचा तर नव्हे. चार बाहेर, तीन आत. पुढे सोन्याची नाणी पडतात, त्यांच्या बदल्यात काय गेलं? मेगी ‘पीटर पॅन’मधून टिंकर बेल बाहेर काढते, तेव्हा कोण गेलं? गरज असेल तिथे नियम लागू, अडचण असेल तिथे माफ. हा या पुस्तकाचा मुख्य दोष आहे, पकडापकडी नाही.

आगाऊ_कार्टा

गुइनला हातउसने धरा.

अनघा_वाचते

नावे_जमा, हसून हसून पुरेवाट. पण मला वाटतं नियम सैल आहे हे मुद्दाम आहे. मोला स्वतःलाच माहीत नाही की काय येईल आणि काय जाईल, आणि म्हणून तर तो वाचायला घाबरतो. दोन्ही बाजू दरवेळी जुळल्या असत्या तर ते यंत्र झालं असतं. त्याने रोज एक उंदीर समोर ठेवून बायकोला परत आणलं असतं.

नावे_जमा

हे आवडलं. उंदराचा मुद्दा मान्य. नाण्यांचा नाही.

खळ_आणि_पुठ्ठा

धागा बघून राहवलं नाही. माझे वडील बाइंडर होते. पुण्यात, एका बोळात, दहा बाय बाराचं दुकान. मी हे पुस्तक वाचलं ते निव्वळ मो बाइंडर आहे म्हणून.

आमच्याकडे शाळा-कॉलेजांची, वाचनालयांची पुस्तकं यायची. फर्मे (घडी घातलेल्या छापील पानांचे जुडगे) सुटे करायचे, जुनी खळ खरवडायची, पाठ मोकळी करायची, मग जुजबांधणी, म्हणजे फर्मे दोऱ्याने शिवायचे. खळ घरीच शिजवायची, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. वडील पुस्तक हातात आलं की आधी नाव बघत नसत. ते मिटून कानाजवळ नेत आणि अंगठ्याने पानं फर्रकन सोडत. कागद किती वाळलाय ते आवाजावरून कळतं म्हणायचे. कोरडा कागद वेगळा वाजतो, ओल खाल्लेला वेगळा. मी पन्नाशीला आलो, अजून मला तो फरक येत नाही.

मेगी बापाला पुस्तकांचा डॉक्टर म्हणते. त्याने तिच्यासाठी पुस्तकांची लाल पेटी केलीय, आतून चकचकीत काळं कापड लावलेली. हे वाचताना मला आमच्या दुकानातला अबरी, म्हणजे रंगीत लहरींच्या कागदाचा गठ्ठा आठवला. उरलेल्या अबरीचे तुकडे लावून वडिलांनी माझ्या कंपासपेटीला अस्तर केलं होतं. तर सुरुवातीच्या भागात पुस्तक हे ‘वस्तू’ म्हणून येतं, त्याला वजन आहे, वास आहे, पाठ मोडली तर दुखतं. लेखिका मुळात चित्रकार, आतली छोटी चित्रंही तिचीच, म्हणून असेल कदाचित.

आणि मग हे सगळं वाऱ्यावर! एकदा कॅप्रिकॉर्नचं गाव आलं की मोच्या हातांना कामच उरत नाही. तो नुसता आवाज होतो. एवढा कारागीर उभा केला आणि सुटकेच्या एकाही प्रसंगात त्याची कारागिरी उपयोगी पडत नाही. माझ्या मते पहिल्या भागाची सगळ्यात मोठी वाया गेलेली संधी ती.

(पुढच्या भागांबद्दल, रहस्यभेद : तिथे तो कोरं पुस्तक बांधतो, ते जोवर शाबूत तोवर एक क्रूर राजा मरत नाही. मग ते पुस्तक आतून कुजायला लागतं आणि राजाचं अंगही. ओल लागलेलं पुस्तक काय असतं हे ज्याने हाताळलंय त्यालाच ही कल्पना किती किळसवाणी आणि अचूक आहे ते कळेल. पण तिथवर जायला दोन जाडजूड खंड पार करावे लागतात.)

माजघर

खळकाका, काय सुरेख लिहिलंत. कानाजवळ पुस्तक नेणारे बाबा डोळ्यांसमोर आले.

केवडा

खळकाका, लेकीला वाचून दाखवलं. तिने लगेच पुस्तक कानाला लावलं. म्हणाली, “थोडं ओलं आहे.” ते काल मुसळधार पावसात माझ्या पिशवीत होतं!

सडेतोड_सातारकर

सगळे गोडगोड बोलताहेत म्हणून मी लिहितो. पुस्तक रटाळ आहे. पाचशेच्या वर पानांतली दोनशे सहज कापता येतील. खलनायक पुठ्ठ्याचा. कॅप्रिकॉर्न थंड आहे, क्रूर आहे, बरं मग? त्याला हवंय काय? पैसा. एवढ्यासाठी पुस्तकातून बाहेर आला? पैशासाठी क्रूर होणारे आमच्या तालुक्यात बाहेर न येताच सापडतात. आणि प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर दुसऱ्या कुठल्यातरी पुस्तकातलं अवतरण. बाई, तुम्ही खूप वाचलंय, कळलं. आता गोष्ट सांगा.

नेकारकाठची

अवतरणांबद्दल णिषेध. माझ्या मुलाने त्यातल्या निदान चार पुस्तकांची नावं वहीत उतरवून वाचनालयातून आणली. मुलांसाठी तो मेन्यू आहे.

कॅप्रिकॉर्नबद्दल मात्र अर्धं पटतं. पण एक गोष्ट बघा, पुस्तकातून आलेले बाकीचे घरी जायला तळमळतात आणि हा एकटाच म्हणतो की मला इथेच आवडतं. त्याच्या जगात होतं त्यापेक्षा आपल्या जगात त्याच्यासारख्याची जास्त सोय आहे. मोटारी आहेत, बंदुका आहेत. म्हणून तो एक सोडून ‘इंकहार्ट’च्या सगळ्या प्रती शोधून जाळतोय, परतीची वाट बंद व्हावी म्हणून. मला हे भीतीदायक वाटलं. तुमच्या तालुक्यातले सापडतात म्हणालात ना, तेच तर ती सांगतेय.

सडेतोड_सातारकर

हम्म. हे पुस्तकात स्पष्ट यायला हवं होतं. तुम्ही ते लेखिकेपेक्षा बरं सांगितलंत.

आगाऊ_कार्टा

सातारकर “हम्म” म्हणाले. वाचनखूण साठवली.

प्रतिष्ठानकर

प्रती जाळण्याचा विषय निघाला म्हणून.

पैठणची, म्हणजे प्रतिष्ठानची गोष्ट. ‘कथासरित्सागरा’त आहे. सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत असतो. एक राणी थकून म्हणते, “मोदकैः ताडय.” म्हणजे ‘मा उदकैः’, पाण्याने मारू नकोस. राजाचं संस्कृत कच्चं, त्याने मोदक मागवले! राणी हसली, राजा ओशाळला आणि खाटेवर पडून राहिला. मंत्री गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षांत संस्कृत शिकवतो. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. गुणाढ्य बोलून गेला की तसं झालं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडेन. पैज हरला. मग विंध्याच्या रानात राहिला, पैशाची ही पिशाचांची भाषा शिकला आणि सात वर्षांत सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. रानात शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने.

राजाने ती नाकारली. पिशाचांची भाषा, वर रक्ताची शाई. तेव्हा गुणाढ्याने टेकडीवर अग्निकुंड पेटवलं आणि एकेक पान मोठ्याने वाचायचं आणि आगीत टाकायचं सुरू केलं. ऐकायला रानातली जनावरं गोळा झाली. चरणं सोडून, रडत, ऐकत उभी राहिली. इकडे राजाच्या ताटात वाळकं मांस यायला लागलं. स्वयंपाक्यांनी व्याधांना विचारलं, ते म्हणाले की जनावरं खातच नाहीत, एक ब्राह्मण त्यांना काहीतरी वाचून दाखवतोय. राजा धावत गेला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरलेला एक लाख, तीच बृहत्कथा.

मोठ्याने वाचणं, रक्त-शाई, जाळपोळ, सगळं एकाच गोष्टीत.

सडेतोड_सातारकर

आलं! आमच्याकडे विमानंही होती आणि ‘इंकहार्ट’ही होतं.

प्रतिष्ठानकर

हलकं घेतो, पण माझा मुद्दा तो नाही. दोन्ही आगी उलट्या आहेत, मला ते सांगायचं होतं. कॅप्रिकॉर्न पुस्तक जाळतो, कारण ते कुणीतरी वाचेल याची त्याला भीती आहे. गुणाढ्य जाळतो, कारण कुणीच वाचत नाही. आणि तिथे जादू आवाजात नाही, ऐकणाऱ्यात आहे. पाडसाने गवत सोडलं यावरून वाचन किती चांगलं होतं ते कळतं. फुंकेबाईंना ही युक्ती सापडायला हवी होती. मोचा आवाज किती गोड, किती भारी, हे त्या पुन्हा पुन्हा विशेषणांनी सांगतात आणि तरी मला तो ऐकू आला नाही.

अनघा_वाचते

+१. मला हाच मुद्दा मांडायचा होता, आणि मांडता येत नव्हता. पानावर आवाज कसा दाखवणार?

माजघर

मला नाही पटत. आवाज दिसत नाही, पण ऐकणं दिसतं, निदान एका ठिकाणी. तो लाल रंगवलेल्या चर्चमधला प्रसंग आठवा. मोला जबरदस्तीने ‘ट्रेझर आयलंड’ वाचायला लावतात. काळ्या कपड्यांतले ते गुंड, ज्यांनी जन्मात पुस्तक हातात धरलं नसेल, ते हळूहळू गप्प होतात. नाणी नंतर पडतात, आधी ते गप्प होतात.

आमच्या घरी चातुर्मासात आजोबा ‘पांडवप्रताप’ वाचायचे. आजोबांचा आवाज काही खास नव्हता, दम्याची धाप होती. आजी शेजारी वाती वळत बसायची. रोज वाचन संपेपर्यंत वातींचा ढीग व्हायचा. पण अभिमन्यूवधाच्या दिवशी कापूस तिच्या बोटांत तसाच राहायचा, अर्धा वळलेला, आणि ओवी संपली तरी ती तशीच बसायची. तिला पुढे काय होणार ते पाठ होतं. दरवर्षी तोच अभिमन्यू, तीच वाट, तरी दरवर्षी एक दिवस वाती कमी. आम्ही मुलं वाती मोजून सांगायचो आज कुठला अध्याय झाला ते.

त्यामुळे वाचलेलं बाहेर येतं आणि बदल्यात ऐकणारा थोडा आत जातो, हे मला जादू न वाटता साधी माहिती वाटली.

नावे_जमा

माजघर, तुमच्या आजीच्या वाती बघून मी नाण्यांचा मुद्दा मागे घेतो.

नेकारकाठची

थोडं अवांतर. इंग्रजी भाषांतर अँथिया बेल यांचं आहे, ‘अ‍ॅस्टेरिक्स’ चित्रकथा इंग्रजीत आणणाऱ्या. जर्मनमध्ये डस्टफिंगर आहे ‘श्टाउबफिंगर’, तेच. पण मोला तिथे म्हणतात ‘त्साउबरत्सुंगे’, म्हणजे जादूची जीभ. इंग्रजीत त्याचं ‘सिल्व्हरटंग’ झालं, आणि त्याला थोडी गोडबोल्याची छटा आली. मराठीत करायचं तर काय कराल?

आगाऊ_कार्टा

मो = जिव्हाळकर. डस्टफिंगर = राखबोटे. मु. पो. शाईगाव.

फिरंगीपंत

कॅप्रिकॉर्न = मकरराव. आणि त्यांच्या टोळीतला फ्लॅटनोज = नकट्या. नकट्याच्या कादंबरीला सतराशे अपहरणं!

अनघा_वाचते

बास्ता हे नाव वाचलं की मला लग्नाचा बस्ताच आठवतो. हा माणूस सुरी घेऊन येतो आणि माझ्या डोळ्यांसमोर साड्यांचं दुकान.

नेकारकाठची

इटालियनमध्ये ‘बास्ता’ म्हणजे ‘बास्स!’ आपलंच.

माजघर

मोला मराठीत टोपणनाव कशाला? ‘याच्या जिभेवर सरस्वती आहे’ असं कुणीतरी एकदा म्हटलं की झालं. राखबोटे मात्र आवडलं. ‘धूळबोट्या’पेक्षा कितीतरी बरं. त्याच्या हाताला खरोखर राखच असणार.

खळ_आणि_पुठ्ठा

राखबोट्यांचा विषय निघाला की मला बोलायचंच असतं. या पुस्तकाचा खरा नायक तो. मो चांगला, मेगी चांगली, पुस्तकं जमवणाऱ्या एलिनॉरबाई तर फारच छान (आपल्या पुस्तकाला पोरांनी बोट लावलं की यांचा जीव वर, अशी एक बाई प्रत्येक वाचनालयात असते). पण लक्षात राहतो तो. पहिल्याच प्रकरणात पावसात, अंधारात, अंगणात उभा. गालावर सुरीचे तीन फिकट व्रण. चौकात आगीचे खेळ करून पोट भरतो, लोक टाळ्या वाजवतात आणि त्याला या जगातली एक गोष्ट आवडत नाही. तो विश्वासघात करतो, मेगी आणि एलिनॉर या मायलेकीसारख्या दिसणाऱ्या दोघींना सरळ सापळ्यात नेऊन सोडतो, आणि तरी त्याचा राग धड येत नाही. घरी जायचंय, एवढंच त्याचं म्हणणं.

आणि मग त्या मूळ ‘इंकहार्ट’चा लेखक, म्हातारा फेनोग्लिओ सापडतो. त्याने पुस्तकात याला मारलंय. गुइनला वाचवायला जातो आणि मरतो. म्हणजे ज्या घरासाठी हा तळमळतोय तिथे याचं मरण आधीच छापून तयार आहे. राखबोट्याला शेवट ऐकायचाच नाहीये. तो जायचं म्हणतो ते म्हणतोच.

नेकारकाठची

अगदी! मी नऊ वर्षं इकडे आहे. यावर जास्त लिहीत नाही.

सडेतोड_सातारकर

राखबोट्याबद्दल माझाही विरोध नाही. पण मग त्याचीच गोष्ट सांगायची ना, दीडशे पानांत! त्याऐवजी मेगी इकडे, मो तिकडे.

दुसरं म्हणजे तो फरीद. ‘अरबी सुरस’मधून आलेला पोरगा. अनवाणी, चोरांच्या टोळीतला, कुणाच्यातरी मागे मागे करणारा. बाकी सगळ्यांना आपापली गोष्ट आहे, याला फक्त साहेब हवा. आपण कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या भाषांतरावर वाढलेली माणसं, आपल्याला त्या गोष्टींतली पोरं यापेक्षा चलाख माहीत आहेत.

अनघा_वाचते

फरीदबद्दल सहमत. पहिल्या भागात तो अर्धवट राहिलाय. दुसऱ्या भागात त्याला बरंच काम आहे.

प्रतिष्ठानकर

एलिनॉरचा उल्लेख झाला तर, तिची पुस्तकं बागेत जाळलेली आढळतात ते पान मी इंग्रजी आवृत्तीत वाचलं, फेब्रुवारी २००४मध्ये. महिनाभर आधी भांडारकर संस्थेतल्या मोडतोडीचे फोटो वर्तमानपत्रांत बघितले होते, जमिनीवर पसरलेली पोथ्यांची पानं. बाकीचं पुस्तक मला आज धूसर आठवतं, एलिनॉरची बाग लख्ख आठवते.

धागापाल

विषय ‘इंकहार्ट’ आहे, पुढच्या वळणावर जाऊ नये ही विनंती. प्रतिसाद ठेवत आहे.

फिरंगीपंत

कुणी मिखाएल एंडेचं ‘नेव्हरएंडिंग स्टोरी’ वाचलंय? १९७९चं. तेही जर्मन, तेही पुस्तकातल्या पुस्तकाचं. आपल्या जगातला मजकूर एका रंगात, पुस्तकातल्या जगाचा दुसऱ्या, लाल आणि हिरव्या शाईत छापलेला. प्रकरणं सव्वीस, ए ते झेड एकेका अक्षराने सुरू होणारी. तिथे मुलगा आत जातो, इथे पात्रं बाहेर येतात.

खळ_आणि_पुठ्ठा

दोन रंगांत छापायचं म्हणजे प्रत्येक फर्मा दोनदा मशीनवर. छापखानेवाल्याने लेखकाला काय शिव्या घातल्या असतील!

तुलना करायची तर एंडेचं पुस्तक जास्त खोल आहे. आत गेलेल्या मुलाला प्रत्येक इच्छेमागे एक आठवण गमवावी लागते, तो हिशेब नावे_जमांनाही पटेल. फुंकेंचं पुस्तक खोल नाही, उबदार आहे. मला ऊब जास्त लागते, वय झालं.

नावे_जमा

इच्छा नावे, आठवण जमा. चोख. मागवतो.

केवडा

मंडळी, संपवलं! महिनाभर लागला. नेकारकाठची यांचा सल्ला ऐकला, रोज एकच प्रकरण, कितीही विनवण्या झाल्या तरी. खरंच फरक पडला. पकडापकडीची चीड कमी झाली, कारण दोन रात्रींमध्ये लेकीला चोवीस तास काळजी करायला मिळायचे.

तिकिटावर एकूण पाच रेघा झाल्या. स्वतःहून चालत गेलेले धरायचे की नाही यावर आमचा वाद आहे. धरले तर सात.

माझं मत सांगायचं तर मधला भाग अजूनही सैल वाटतो. सातारकरांच्या दोनशे पानांपैकी शंभर मी आनंदाने कापून देईन. शेवटही मला घाईचा वाटला. म्हाताऱ्या लेखकाने चार ओळी नव्याने लिहायच्या आणि त्या वाचल्या की खलनायक कोसळायचा, हे जरा स्वस्तात झालं. पण तिथे एक गोष्ट घडली. मेगी वाचत असते, तिचा आवाज थांबतो आणि मो तिच्या हातून ते वाचन पुढे नेतो, त्या पानावर माझा घसा बसला. खरोखरीचा, सर्दी होती. लेकीने पुस्तक ओढून घेतलं आणि पुढचं तिने वाचलं. अडखळत, ‘शॅडो’ला ‘शेडो’ म्हणत. मी ऐकत होते. हातातली चहाची कपबशी किती वेळ तशीच होती, माहीत नाही. माजघर, तुमच्या आजीची आठवण आली.

माजघर

❤️ वाती कमी झाल्या म्हणायच्या.

सडेतोड_सातारकर

हा परिणाम सर्दीचा आहे, पुस्तकाचा नाही. पण छान लिहिलंत.

खळ_आणि_पुठ्ठा

केवडा, त्या प्रतीची पाठ शाबूत आहे का? पावसातली म्हणालात म्हणून. सुटायला लागली असेल तर चिकटपट्टी लावू नका, कृपा करा. गोंदही नको. मैद्याची पातळ खळ आणि जुन्या मलमलीची पट्टी. कृती हवी तर व्यक्तिगत निरोप करा.

केवडा

काका, चिकटपट्टी लावून झाली आहे. 🙈 काढून तुमच्या कृतीने करते.

लेकीचा एक प्रश्न राहिलाय, तो तिने तुम्हा सगळ्यांना विचारायला सांगितलाय. आई परत आली ते ठीक. पण तिच्याबरोबर दोन मांजरी पण गेल्या होत्या ना? सगळे आईला मिठ्या मारताहेत, मांजरींचं नाव कुणी काढत नाही. त्यांचं काय झालं?

नावे_जमा

!!!

मी त्या मांजरी जमेला धरून हिशेब केला, आणि परत आल्या का ते बघितलंच नाही. तुमच्या लेकीला माझा नमस्कार सांगा. सी.ए.ला बसवा.

आगाऊ_कार्टा

गुइनने खाल्ल्या.

अनघा_वाचते

आगाऊ, गप्प बैस. ती अकरा वर्षांची आहे.

केवडा

तिने वाचलं. म्हणाली, गुइन तर इकडे होता, मांजरी तिकडे होत्या, त्या काकांना पुस्तक नीट वाचायला सांग.

दुसरा भाग मागवलाय. तिने नवीन तिकीट काढून ठेवलंय, मागे दोन रकाने आखलेत. एकावर लिहिलंय ‘पकडले’, दुसऱ्यावर ‘मांजरी’.